जुन्या संगणकातील आकडे बाहेर कसे काढले?

धुळे जिल्ह्यातील एका शाळेच्या अडगळीच्या खोलीतून एक जुना संगणक आमच्या जळगावच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हा त्याच्याबरोबर एक ध्वनिफीतही होती. तुमच्या घरी जुन्या गाण्यांच्या असतात तशी साधी कॅसेट. तिच्यावर निळ्या शाईने '८७-८८-८९' एवढेच लिहिलेले होते. त्या शाळेतील एका निवृत्त विज्ञानशिक्षकांनी सांगितले की, ह्या तीन वर्षांत मुलांनी रोज शाळेच्या आवारातील कमाल तापमान आणि पाऊस मोजून वहीत लिहिला, आणि पुढे ते आकडे ह्याच संगणकात भरून फितीवर साठवले. वह्या वाळवीने खाल्ल्या. आता आकडे आहेत ते फक्त फितीवर.

१९८७ हे देशभर दुष्काळाचे वर्ष होते आणि १९८८ भरपूर पावसाचे. एका खेड्यात ही दोन वर्षे दिवसागणिक कशी गेली ह्याची ती एकमेव नोंद होती. हवामान खात्याच्या नोंदी त्यांच्या केंद्रांच्या असतात, त्या ह्या गावाच्या नव्हेत. फितीवरचा चुंबकीय थर वर्षानुवर्षे क्षीण होत जातो, म्हणून काम लांबणीवर टाकता येत नव्हते.

हा संगणक म्हणजे बीबीसी मायक्रो. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. १९८४ साली भारत सरकारने शाळांतून संगणकाची ओळख व्हावी म्हणून 'क्लास' नावाची योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळा निवडल्या होत्या आणि त्यांना हाच संगणक देण्यात आला. मी स्वतः तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचे असते एवढेच ऐकून ठाऊक होते. ह्याची स्मृती ३२ किलोबाइट. तुमच्या घरातील मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. पण ह्याच कंपनीने १९८५ मध्ये एआरएम नावाच्या प्रक्रियकाचा आराखडा तयार केला, आणि त्याच घराण्यातील प्रक्रियक आज बहुतेक मोबाइलमध्ये आहेत, तेव्हा ह्या पेटीला हसू नये.

प्रश्न असा की, फितीवरचे आकडे ह्या संगणकात घेता आले तरी ते आजच्या संगणकात कसे न्यायचे? पडद्यावर पाहून हाताने उतरवून घेणे शक्य होते. पण तीन वर्षांचे दिवस १०९६, रोजचे दोन आकडे, म्हणजे २१९२ आकडे. त्यात चुका किती होतील ते तुम्हीच सांगा. सुदैवाने ह्या संगणकाच्या पाठीमागे एक पाच टाचण्यांचे खोबण आहे. तोच त्याचा अंगचा सिरियल पोर्ट.

एकेरी रूळ

सिरियल म्हणजे एकामागून एक. भुसावळ आणि जळगाव ह्यांच्यामध्ये अनेक रूळ शेजारीशेजारी आहेत, त्यांवरून एकाच वेळी अनेक गाड्या जाऊ शकतात. चाळीसगावहून धुळ्याला जाणारा फाटा मात्र एकेरी. तेथे डबे एकामागून एकच जाणार. संगणकाच्या आत एका अक्षराचे आठ बिट आठ तारांवरून एकदम धावतात. सिरियल पोर्टातून बाहेर पडताना तेच आठ बिट एका तारेवरून ओळीने जातात. तारा कमी लागतात, जोडणी स्वस्त पडते आणि अंतरही जास्त चालते.

पण येथे एक अडचण आहे. तारेवर फक्त विभवांतर असते. घड्याळ नसते. पाठवणाऱ्याने शून्य, शून्य, शून्य असे तीन बिट पाठवले तर तारेवर काही काळ एकच विभवांतर राहील. ते तीन बिट की दोन की चार, हे घेणाऱ्याने कशावरून ओळखायचे? एका बिटाला किती वेळ द्यायचा हे दोघांनी आधीच ठरवले असेल तरच. ह्या वेगाचे एकक बॉड. एमिल बोदो ह्या फ्रेंच तारयंत्र-अभियंत्याच्या नावावरून ते आले आहे. आपल्या ह्या जोडणीत १२०० बॉड म्हणजे सेकंदास १२०० बिट, म्हणजे एका बिटाला ८३३ मायक्रोसेकंद.

काही पाठवायचे नसते तेव्हा तार '१' ह्या स्थितीत असते. अक्षर सुरू होताना ती एका बिटाच्या वेळेपुरती '०' होते, हा आरंभ-बिट. तो दिसताच घेणारा आपले घड्याळ सुरू करतो आणि पुढच्या प्रत्येक बिटाच्या मध्यावर तार तपासतो. मग आठ बिट, त्यांतला सर्वांत लहान किमतीचा आधी, आणि शेवटी '१' असा विराम-बिट. उदाहरणार्थ, ३ ह्या अंकाचा संकेत ५१, म्हणजे द्विमान पद्धतीत ००११००११. तारेवर तो ०, १, १, ०, ०, १, १, ०, ०, १ असा दिसेल. एकूण दहा बिट.

दोन्हीकडची घड्याळे तंतोतंत सारखी असण्याची गरज नाही. आरंभ-बिटाच्या सुरुवातीपासून विराम-बिटाच्या मध्यापर्यंत साडेनऊ बिटांचा काळ जातो. तेवढ्या काळात अर्ध्या बिटाहून जास्त फरक पडला नाही म्हणजे झाले. ०.५ भागिले ९.५, म्हणजे सुमारे ५ टक्के. पुढच्या अक्षराच्या आरंभ-बिटाला घड्याळ पुन्हा नव्याने सुरू होते, त्यामुळे चूक साठत जात नाही. बीबीसी मायक्रोमध्ये १६ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाची वारंवारता आधी १३ ने आणि मग ६४ ने भागतात. १,६०,००,००० भागिले १३, भागिले ६४, ह्याचे उत्तर १९,२३१ येते. हवे असतात १९,२००. फरक ०.१६ टक्के, म्हणजे आपल्या मर्यादेच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. १३ सारखी विचित्र संख्या संगणकात कोठून आली असे मला आधी वाटले होते. भागाकार करून पाहिला तेव्हा उलगडा झाला.

आधी मोजा, मग जोडा

यंत्र एसटीने पारोळा-एरंडोलमार्गे मांडीवर ठेवून आणले. पोचताच ते चालू करून पाहण्याची मुलांना घाई झाली होती, पण मी ते करू दिले नाही. चाळीस वर्षे पडून असलेल्या उपकरणाच्या वीजपुरवठ्यात २३० व्होल्टच्या बाजूला गाळणीची धारित्रे असतात. त्यांच्या आवरणाला तडे जातात, आत ओल शिरते आणि वीज दिल्यावर काही मिनिटांत ती धूर सोडतात. गावातील एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून ती बदलून घेतली. हे काम विद्यार्थ्यांनी स्वतः करावयाचे नाही. डबा उघडलेला असताना तर त्याच्या जवळही जाऊ नये.

दुसरी घाई जोडणीची. आजच्या संगणकाला सिरियल पोर्ट नसतो, यूएसबीचे रूपांतरक वापरावे लागते. (यूएसबी ह्या नावातील 'एस' देखील सिरियलचाच आहे.) एका विद्यार्थ्याने आर्डुइनोच्या प्रयोगांसाठी आणलेले छोटे रूपांतरक पुढे केले. त्याला म्हटले, "थांब, आधी मीटर लाव." पोर्टाची मधली टाचणी ही भूमी. ती आणि माहिती बाहेर जाणारी टाचणी ह्यांच्यामध्ये मीटर लावला तर काट्याने उलटी दिशा धरली. उणे ५ व्होल्ट!

हा पोर्ट आरएस-४२३ ह्या पद्धतीचा आहे. तीत '१' म्हणजे उणे ५ व्होल्ट आणि '०' म्हणजे अधिक ५ व्होल्ट. आर्डुइनोच्या रूपांतरकात '१' म्हणजे अधिक ५ आणि '०' म्हणजे शून्य. म्हणजे अर्थही उलटा, शिवाय उणे विभवांतर सोसण्याची त्याची तयारी नाही. ते जळाले असते. आम्हाला हवे होते ते आरएस-२३२ पद्धतीचे रूपांतरक. त्याच्या घेणाऱ्या बाजूस उणे ३ च्या खाली '१' आणि अधिक ३ च्या वर '०' समजते, त्यामुळे आपले पाच व्होल्ट तेथे बिनतक्रार चालतात.

पाच टाचण्यांचे काम असे: भूमी, माहिती आत, माहिती बाहेर, आणि दोन टाचण्या संमतीच्या. त्या दोहोंपैकी एकीवरून हा संगणक 'मी घ्यायला तयार आहे' असे सांगतो आणि दुसरीवरून समोरच्याचे 'येऊ दे' ऐकतो. दोन्ही यंत्रांच्या तारा अर्थात उलटसुलट जोडायच्या: एकाचे 'बाहेर' दुसऱ्याच्या 'आत'ला, एकाचे 'तयार आहे' दुसऱ्याच्या 'येऊ दे'ला. भूमी भूमीला.

येथे आमचा एक शनिवार वाया गेला. आकडे पाठवू लागलो की बीबीसीच्या पडद्यावर आठ-दहा ओळी उमटत आणि यंत्र गप्प होई. आजच्या संगणकावर एकही अक्षर नाही. आम्ही दुपारभर आज्ञावलीत चूक शोधली. शेवटी आमच्या एका विद्यार्थिनीने उमटलेली अक्षरे मोजली. ती प्रत्येक वेळी १९० च्या आसपास भरत. माहितीपुस्तकात पाहिले तर बाहेर जाणाऱ्या अक्षरांसाठी राखलेली जागा १९२ बाइटांची. म्हणजे यंत्र बिघडले नव्हते. 'येऊ दे' ऐकू येत नाही म्हणून अक्षरे रांगेत थांबत होती आणि रांग भरली की आज्ञावलीही थांबत होती. मग तार पाहिली. ह्या खोबणातील पाच टाचण्या सोंगटीच्या फाशावरील पाच ठिपक्यांसारख्या आहेत, त्यामुळे प्लग अर्धा फिरवून उलटा घातला तरी तो तितकाच छान बसतो. मधली भूमी जागच्या जागी राहते आणि बाकीच्या चारही बदलतात. आमचा प्लग उलटा होता. आता त्याच्या वरच्या बाजूला लाल रंगाचा ठिपका दिला आहे. अशी खोबणी ज्याने निवडली त्याने ती शाळेतल्या मुलांच्या हाती जाणार आहे ह्याचा विचार केलेला दिसत नाही.

पोर्टाला सूचना

बीबीसी मायक्रोला वेग वगैरे सांगण्यासाठी कळफलकावरून तारका-चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञा द्याव्या लागतात. कळफलकावर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या. येथे उच्चाराप्रमाणे लिहितो. *एफएक्स ७ ही घेण्याचा वेग ठरवते, *एफएक्स ८ ही पाठवण्याचा. पुढील संख्या वेगाचा क्रमांक असते: १ म्हणजे ७५ बॉड, २ म्हणजे १५०, ३ म्हणजे ३००, ४ म्हणजे १२००, ५ म्हणजे २४००, ६ म्हणजे ४८००, ७ म्हणजे ९६०० आणि ८ म्हणजे १९,२००. ह्या शेवटच्या वेगाची हमी मात्र निर्मात्यांनीही दिलेली नव्हती. काहीच सांगितले नाही तर यंत्र ९६०० धरते. आम्ही *एफएक्स ७,४ आणि *एफएक्स ८,४ दिले. एका दिवसाची ओळ वीस अक्षरांची धरली तरी सर्व मिळून २१,९२० अक्षरे, प्रत्येकी दहा बिट. १२०० बॉडने तीन मिनिटे लागतात. चाळीस वर्षे थांबलेल्या आकड्यांना तीन मिनिटे काही फार नाहीत, आणि सावकाश पाठवताना पडद्यावर लक्षही ठेवता येते.

*एफएक्स ३,१ दिले की पडद्यावर जे उमटेल तेच पोर्टातूनही बाहेर जाते. *एफएक्स ३,० ने ते बंद होते. उलट दिशेने, म्हणजे कळफलकाऐवजी पोर्टातून अक्षरे घ्यायची असतील तर *एफएक्स २,१. सिरियल छपाईयंत्र जोडायचे असेल तर *एफएक्स ५,२. आम्हाला त्याची गरज नव्हती.

एवढे झाल्यावर पहिल्यांदा अक्षरे पलीकडे पोचली, पण जे दिसले ते चमत्कारिक होते. काही अंक स्वच्छ, काहींच्या जागी भलतीच चिन्हे. वेग चुकला असता तर सगळाच गोंधळ दिसला असता. येथे ४३.५ मधले ३, दशांश-चिन्ह आणि ५ बरोबर, फक्त ४ बिघडलेला. मुलांना फळ्यावर दोन याद्या करायला सांगितल्या. बरोबर येणारे अंक: ०, ३, ५, ६, ९. बिघडणारे: १, २, ४, ७, ८. नेहमी तेच.

तुम्ही येथे क्षणभर थांबा आणि कारण शोधून पाहा. शून्याचा संकेत ०११००००, त्यापुढील अंकांचे एकेकाने वाढत जातात. प्रत्येकातील '१' मोजा. ३ म्हणजे ०११००११, चार वेळा '१'. ४ म्हणजे ०११०१००, तीन वेळा '१'. बरोबर येणाऱ्या सर्व अंकांत '१' ची संख्या सम आहे, बिघडणाऱ्यांत विषम!

ह्याचे नाव समता-बिट. काही यंत्रे अक्षराचे सातच बिट पाठवत आणि आठवा बिट असा भरत की एकूण '१' सम व्हावेत. वाटेत एखादा बिट उलटला तर संख्या विषम होते आणि चूक पकडता येते. आमचा बीबीसी असा समता-बिट भरत होता, आणि आजचा संगणक त्या बिटाला अक्षराचाच भाग समजत होता. ज्या अंकांत तो '०' होता ते बरोबर वाचले गेले. जेथे '१' होता तेथे संकेतात १२८ मिळवले गेले. दोन्ही पद्धतींत एकूण बिट दहाच, म्हणून अक्षरांची चौकट मात्र कोठेही मोडली नाही.

पण बीबीसी आपणहून आठ बिट आणि समता नाही असाच सुरू होतो. मग त्याला हे शिकवले कोणी? आकडे वाचून छापण्याची जी आज्ञावली फितीच्या सुरुवातीला होती, तिच्या दुसऱ्याच ओळीत *एफएक्स १५६,८,२२७ ही आज्ञा सापडली. शाळेत पूर्वी असलेल्या छपाईयंत्राला सात बिट आणि सम समता लागत असावी. सरांना विचारले तर ते हसून म्हणाले, "अहो, ती ओळ मीच घातली असणार. कशाला घातली ते आता कोणाला विचारता!"

ह्या आज्ञेची फोड करण्यासारखी आहे. पोर्टाचे काम ६८५० नावाची चकती करते आणि तिच्या नियंत्रणासाठी आठ बिटांची एक जागा आहे. त्यांतील ४, ८ आणि १६ किमतीचे तीन बिट अक्षराची रचना ठरवतात. बाकीच्यांना हात लावायचा नाही. ४ अधिक ८ अधिक १६ म्हणजे २८. २५५ वजा २८ म्हणजे २२७. म्हणून २२७ ही संख्या 'हे तीन सोडून सर्व आहेत तसे ठेव' असे सांगते, आणि मधली संख्या त्या तिघांत काय भरायचे ते. ८ म्हणजे सात बिट, सम समता, एक विराम-बिट. २० म्हणजे आठ बिट, समता नाही, एक विराम-बिट. १२ म्हणजे सात बिट, विषम समता, एक विराम-बिट. आम्ही त्या ओळीत ८ च्या जागी २० घातले.

फीत आणि पोर्ट एकाच वेळी नाहीत

शेवटची गोष्ट ठाऊक नसती तर आम्ही अजूनही धडपडत असतो. ह्या संगणकात फीत वाचणे आणि सिरियल पोर्ट चालवणे ही दोन्ही कामे एकच परिपथ करतो. फितीवरही बिट एकामागून एकच असतात: '०' म्हणजे १२०० हर्ट्झच्या सुराचे एक आवर्तन, '१' म्हणजे २४०० हर्ट्झची दोन. काम एकाच जातीचे म्हणून त्यांनी चकतीही एकच वापरली. काटकसर चांगली, पण फितीवरून एक आकडा वाच, पोर्टातून पाठव, पुन्हा वाच, असे करता येत नाही. सर्व आकडे आधी स्मृतीत घेतले पाहिजेत.

ते मावतील का? पडद्यासाठी सर्वांत कमी जागा घेणारी सातवी पद्धत निवडली तर आज्ञावली व आकडे मिळून २८,१६० बाइट मोकळे राहतात. बेसिक भाषेत एका दशांश आकड्याला ५ बाइट लागतात. २१९२ गुणिले ५ म्हणजे १०,९६०. आरामात मावले.

वाचनयंत्राचे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसून फीत लावली. फितीवर एक आकडा ६ बाइट घेतो आणि २५६ बाइटांचा एक गट असतो. असे ५२ गट. प्रत्येक गटाच्या शेवटी बेरजेसारखी एक तपासणी-संख्या असते. ती जुळली नाही तर यंत्र फीत मागे घ्यायला सांगते. एकावन्न गट वाचले गेले, त्यांतले काही तिसऱ्या-चौथ्या खेपेस. एक गट नाहीच वाचला. तेथे फितीला सुरकुती पडली आहे. २५६ भागिले ६, म्हणजे सुमारे ४२ आकडे, २१ दिवस. ते १९८९ च्या जूनमधले होते, नेमके पाऊस सुरू होण्याच्या सुमाराचे. त्या ओळी आम्ही रिकाम्याच ठेवल्या आहेत. अंदाजाने भरल्या नाहीत.

बाकीचे आकडे तीन मिनिटांत पलीकडे गेले. त्यांच्या दोन प्रती काढून एक शाळेत दिली. सरांनी पडद्यावर प्रथम १९८७ चा जुलै पाहिला आणि शून्यांची ओळ मोजत बसले.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. मोठ्या ए ह्या रोमन अक्षराचा संकेत ६५, बीचा ६६, सीचा ६७, असे ते क्रमाने वाढतात. आमच्यासारखीच चूक झाली असता, म्हणजे पाठवणारा सात बिट आणि सम समता व घेणारा आठ बिट धरून बसला असता, रोमन लिपीत मोठ्या अक्षरांनी पाठवलेल्या 'जळगाव' आणि 'धुळे' ह्या शब्दांतील कोणकोणती अक्षरे बिघडतील? आणि *एफएक्स १५६,१२,२२७ दिल्यास पाठवलेल्या अंकांपैकी कोणते पाच बरोबर पोचतील?